तिसऱ्या कडीखालचा थेंब

मित्रांनो, मी गळाची काठी आहे आणि आता बरीच जुनी झाले आहे. ठाण्यात खोपटला एका कौलारू घराच्या पडवीत, दोन खुंट्यांवर मी आडवी पडलेली असते. मला बघायचं असेल तर जवळ या आणि बुंध्याकडून तिसरी कडी बघा. गळाची दोरी जिच्यातून ओवतात ती ही तारेची कडी. तिच्या दोन्ही पायांवर लाल रेशमाचे वेढे आहेत. त्या वेढ्यांच्या खालच्या अंगाला वार्निशचा एक थेंब लोंबतो आहे. मुगाच्या डाळीएवढा असेल. नखाने टोकरलात तरी निघायचा नाही, इतका तो कडक वाळला आहे.

असा थेंब राहणं ही कारागिराची चूक समजतात. वॉल्टर मेस्त्रीने जन्मात शंभर-सव्वाशे काठ्या केल्या. त्यातल्या एकीवरही असा थेंब सापडणार नाही. तो फक्त माझ्यावर आहे, आणि मेस्त्रीने तो तसाच ठेवला आहे. का ठेवला, ते तुम्हाला सांगते.

वॉल्टर मूळचा सुतार. तरुणपणी तो मुंबईला फोर्टातल्या एका दुकानात नोकरीला लागला. तिथे साहेब लोकांच्या मासे धरायच्या काठ्या दुरुस्तीला येत. त्या बघता बघता तो शिकला. सत्तेचाळीस साली साहेब गेले, पुढच्या वर्षी दुकान बंद झालं आणि वॉल्टर आपली हत्यारं पोत्यात घालून घरी आला. आता या कामाला कोण विचारतो, असं त्याला वाटलं होतं. पण मासे धरायचा नाद असलेली माणसं इथेही होती. कल्याणच्या रेल्वेतले दोन-तीन अधिकारी होते, ठाकुर्लीला राहणारे एक इंजिनियर होते, आणि डोंबिवलीचे अण्णा प्रधान होते. अण्णा सरकारी कचेरीत हेडक्लार्क. सहा दिवस टेबलावर बसायचे आणि रविवारी खाडीवर. मासे खाण्यात आणि माशांवर बोलण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता.

काठी करायची म्हणजे काय करतात, ते आधी ऐका. भरीव बांबू निवडायचा, त्याची पेरं शेकून सरळ करायची. मग कड्या बसवायच्या. कडीचे पाय कानशीने पातळ करायचे, काठीवर टेकवायचे आणि रेशमी दोऱ्याने एकाला एक लागून घट्ट वेढे घ्यायचे. वेढ्यांवर आधी स्पिरिटात विरघळवलेल्या लाखेचा पातळ हात द्यायचा, नाहीतर रेशमाचा रंग काळपट होतो. मग वार्निश. एक हात द्यायचा, पुरता वाळू द्यायचा, बारीक कागदाने घासायचा आणि मग दुसरा. हे वेढे भिजले की कुजतात, कुजले की कडी सुटते, आणि कडी सुटली की मासा गेला. म्हणून काठीचा सगळा जीव त्या वार्निशमध्ये असतो.

पण खरी मेख पुढे आहे. वार्निश ओलं असताना काठी सारखी फिरवत राहावी लागते. थांबलात की वार्निश खाली ओघळतं आणि थेंब होतो. वॉल्टरने दोन लाकडी ठोकळ्यांना खाचा पाडल्या होत्या. काठी त्या खाचांत ठेवायची आणि थोडी थोडी वळवायची. हे काम त्याची बायको रोझा करायची. उजव्या हातात रोझरीची माळ, डाव्या हाताची बोटं काठीवर. एक ‘नमो मरिये’ प्रार्थना झाली, एक मणी सरला, की काठीला पाव फेरा. घाई नाही, दिरंगाई नाही. पूर्ण माळ झाली की वार्निश जागच्या जागी बसलेलं असायचं. वॉल्टर म्हणायचा, “घड्याळ चुकेल, पण रोझाचा फेरा नाय चुकणार.”

वार्निशच्या दिवशी रोझा सकाळीच पडवीत पाणी शिंपडून धूळ बसवायची. त्या दिवशी घरात तळण नसायचं, कारण तेलाचा धूर ओल्या वार्निशवर बसतो. दुपारी नुसता भात आणि आंबट वरण.

“वार्निशच्या पायी माज्या तोंडाची चव गेली मेस्त्री,” रोझा म्हणायची. ती नवऱ्याला मेस्त्रीच म्हणे.

रोझा उत्तनची. बाप, भाऊ सगळे दर्यावर जाणारे. बायकांनी मासळी निवडायची, सुकवायची आणि विकायची. बोटीत पाय ठेवायचा नाही. लहानपणी तिने खडकावर बसून दोऱ्याला टाचणी बांधून मासे धरले होते, त्यावरून बापाचा मारही खाल्ला होता. लग्न झाल्यावर पहिल्याच महिन्यात तिने वॉल्टरला म्हटलं होतं, “जगाला काठ्या करतोस, मला एक दे.” तो म्हणाला, “साहेबाचं काम होऊ दे.” साहेबांचं काम झालं, साहेबही गेले. मग रेल्वेवाल्यांचं काम आलं, मग अण्णांचं. आठ वर्षं गेली. त्यांना मूलबाळ झालं नाही. काठीही झाली नाही.

बावन्न सालच्या जानेवारीत रोझाला धाप लागू लागली. पायावर सूज आली. डॉक्टरांनी तपासलं आणि वॉल्टरला बाहेर बोलावून सांगितलं, हृदयाचं दुखणं आहे, लहानपणापासूनचं असावं, दगदग नको. किती दिवस, असं वॉल्टरने विचारलं. डॉक्टर म्हणाले, ते मी सांगू शकत नाही. त्या दिवशी घरी येताना वॉल्टरने बांबू विकत आणला. तो बांबू म्हणजे मी.

मित्रांनो, माझ्यासारखे लाड कुठल्या काठीचे झाले नसतील. वॉल्टरने मला इतकी हलकी केली की रोझाच्या हाताला भार होऊ नये. मुठीला बूच लावलं, आणि तिचा पंजा धरून त्या मापाने ते कोरलं. रेशीम कोणत्या रंगाचं, ते तिने सांगितलं. लाल. मे महिन्यात माझ्यावर कड्या बसल्या, वेढे झाले. वार्निश अजून लागलं नव्हतं. एका संध्याकाळी वॉल्टरने माझ्यात दोरी ओवली, तिचं टोक स्वतःच्या मनगटाला बांधलं आणि तो अंगणात जाऊन उभा राहिला. रोझा पडवीत खुर्चीवर बसली होती. मी तिच्या हातात होते.

“मी मासा,” तो ओरडला.

“कुठला मासा? शिंगाळी असशील तर जा, सोडली तुला!”

“जिताडा!”

“एवढा सुकलेला जिताडा मी बाजारात पन नाय बघितला.”

त्याने हिसका दिला. मी वाकले. रोझाने मला धरून ठेवलं, दोरी थोडी सोडली, परत ओढली. तिला ते कोणी शिकवलं नव्हतं. वॉल्टर धडपडत पायरीपर्यंत आला आणि दोघंही हसायला लागली. हसता हसता तिला धाप लागली आणि खेळ थांबला. श्वास परतल्यावर ती म्हणाली, “गळ तू टाक. तेवढी ताकद माज्यात नाय. पन मासा लागला की काठी माज्या हातात द्यायची. विसरशील?”

“नाय विसरणार.”

“शप्पथ?”

“शप्पथ.”

तेव्हाच ती मला घेऊन खाडीवर गेली असती तर? मी हा विचार फार वेळा केला आहे. बाळकुमच्या बाजूला खाडीचा काठ आहे, माजिवड्यावरून बैलगाडी जाते. एका दिवसाचं काम होतं. रोझा तसं म्हणालीही.

“उद्या जाऊ या. वार्निश नंतर दे.”

“वेडी आहेस काय? कोरी काठी पाण्यावर नेतात? रेशीम कुजेल.” मग तो म्हणाला, “तुला मी सात हात देणार आहे.”

“सायबाला पाच, आणि मला सात?”

“साहेबाने दोन वर्षं काठी वापरायची आणि विलायतेला जायचं. तुला जल्मभर वापरायचीय.”

डॉक्टरांनी बाहेर काय सांगितलं, ते रोझाला न सांगताच कळलेलं होतं. मला वाटतं, वॉल्टरलाही ते माहीत होतं. पण सात हात द्यायचे आहेत म्हटलं की निदान सात हात पुरे होईपर्यंत वेळ आहे, असं त्याने मनात धरलं असावं. मी काठी आहे, मला यातलं काय कळणार? पण तो एकेका हाताला जितका वेळ लावत होता, तितका त्याने कुणाच्याच काठीला लावला नव्हता.

तीन हात झाले आणि पाऊस लागला. हवेत ओल आली. चौथा हात दिला तो दुसऱ्या दिवशी पांढरा पडला, लाल रेशमावर ताकाचा ओघळ यावा तसा. त्या दिवशी अण्णा आपल्या काठीची कडी बदलायला आले होते. त्यांनी मला हातात घेतलं.

“उत्तम झाली आहे हो मेस्त्री. वहिनींना द्या आता.”

“पांढरी पडलीय अण्णा. दिसत नाय?”

आतून खाटेवरून रोझा म्हणाली, “पांढरी तर पांढरी. जिताड्याला काय ठाऊक?”

“वहिनी बरोबर बोलताहेत,” अण्णा म्हणाले. “वार्निश बघून गळाला लागलेला मासा मी अजून पाहिला नाही.”

“तुमची काठी अशी पांढरी दिली असती तर घेतली असतीत?”

अण्णा हसले आणि त्यांनी मला खाली ठेवलं. त्यांनी घेतली नसती.

वॉल्टरने पात्याने माझ्यावरचं चारही हातांचं वार्निश खरवडून काढलं. पात्याने रेशीम दुखावलं, म्हणून तेही काढलं. मी परत कोरी झाले. नवं लाल रेशीम आणलं, नवे वेढे घेतले. मग उघडीप कधी मिळते म्हणून तो आभाळाकडे बघत बसला. जुलै गेला, ऑगस्ट गेला. या दिवसांत रोझाचं चालणं बंद झालं. आधी ती विहिरीपर्यंत जाईना, मग अंगणात जाईना, मग पडवीतल्या खुर्चीपर्यंत येतानाही तिला भिंतीला टेकून उभं राहावं लागे. पण उघडीप मिळाली की मला फेरे आपणच द्यायचे, हे तिने सोडलं नाही. वॉल्टर म्हणाला, मी फिरवतो. ती म्हणाली, “तुला मणी मोजता येत नाय. बोलता बोलता विसरतोस.” खरं म्हणजे तिच्याजवळ एवढंच एक काम उरलं होतं.

सप्टेंबरात, मदर मेरीच्या सणानंतर हवा कोरडी झाली. पहिला हात, दुसरा, तिसरा. प्रत्येकाच्या मध्ये चार दिवस. उत्तनहून रोझाची मोठी बहीण बर्नाडेट मदतीला येऊन राहिली. ती मासळी विकणारी, तोंडाने फटकळ. तिने एकदा मला बघितलं आणि वॉल्टरला विचारलं, “ही काठी हाय का देवळातला मेणबत्तीचा दांडा? नुसती बघायची?”

सहाव्या हातानंतर रोझाने भरतीचा हिशोब केला. कोळ्याच्या मुलीला तो पंचांगात बघावा लागत नाही. दिवाळीच्या अमावास्येला उधाण, सकाळची भरती, जिताडा खाडीत वर चढणार.

“सहा झाले मेस्त्री. बस कर. अवसेला जाऊ.”

“अवसेला अजून आठ दिवस आहेत. सातवा वाळून होतो तेवढ्यात. एकच राहिलाय.”

ती म्हणाली, “बरं. दे.”

सातवा हात गुरुवारी दुपारी दिला. ऊन चांगलं होतं, वारा नव्हता. वॉल्टरने बुंध्यापासून शेंड्यापर्यंत सगळ्या वेढ्यांवर ब्रश फिरवला. मग परत मागे येऊन तिसऱ्या कडीवर थोडं जास्त लावलं, कारण तिथे त्याला कोरडं वाटलं. मला ठोकळ्यांवर ठेवून तो ब्रश धुवायला मागच्या अंगणात गेला. बर्नाडेट पाण्याला गेली होती. रोझाने माळ घेतली.

पहिले दहा मणी झाले. दुसरे दहा झाले. तिचा आवाज बारीक होता, पण फेरा बरोबर पडत होता. तिसरे दहा झाले. चौथ्या दहांतला सहावा मणी तिने घेतला, ‘नमो मरिये’ म्हणाली आणि पुढचे शब्द आले नाहीत. मी अर्धवट वळले होते. तिची बोटं माझ्यावर होती, पण ती मला फिरवत नव्हती, मला धरून होती. मग माळ फरशीवर पडली.

वॉल्टर धावत आला. त्याने शेजाऱ्याला हाक मारली, टांगा आणला, तिला उचललं. घर मोकळं झालं. दार उघडंच राहिलं.

मी ठोकळ्यांवर होते. तिसऱ्या कडीवरचं वार्निश सरकायला लागलं, ते मला कळत होतं. मला कुणी पाव फेरा दिला असता तर ते परत पसरलं असतं. मला स्वतःला वळता येत नाही. ते हळूहळू खाली आलं, वेढ्यांच्या बुडाशी गोळा झालं आणि लोंबू लागलं. तिन्हीसांजेपर्यंत त्याच्यावर साय धरली होती.

रोझा रविवारी दुपारी दवाखान्यातच वारली. तिला सोमवारी पुरलं. अमावास्या अजून चार दिवसांवर होती.

पुढच्या शनिवारी वॉल्टर पडवीत येऊन बसला. आत बर्नाडेट बहिणीची लुगडी घड्या करून पेटीत भरत होती. वॉल्टरने सवयीने मला उचललं आणि वेढ्यांवरून अंगठा फिरवायला सुरुवात केली. पहिली कडी, दुसरी कडी. तिसऱ्या कडीला अंगठा अडला. त्याने मला उलटी करून बघितलं. मग बाजूला पडलेलं पातं घेतलं आणि थेंबाला लावलं.

बर्नाडेट दारात उभी होती. ती म्हणाली, “तास. गुळगुळीत कर. काय राहिलं असेल ते करून घे.”

वॉल्टर थांबला.

“मला सांगत होती ती. दादल्याने काठी केलीय, अशी काठी कुनाकडे नसेल. मी म्हटलं, मंग जा ना. ती म्हणाली, वाळायचीय.” बर्नाडेटने पदर तोंडाला लावला. “सात हात देत बसलास, मेल्या. तिला एक सकाळ पायजे होती.”

वॉल्टरने पातं खाली ठेवलं. त्यानंतर त्याने ते मला कधी लावलं नाही.

वर्षभर मी खुंटीवर होते. रोझाला वर्ष झालं, देवळात तिच्या नावाने मिस्सा, म्हणजे प्रार्थना झाली, त्याच्या पुढच्या रविवारी अण्णा प्रधान आले. त्यांनी मला खाली काढलं, दोरी ओवली आणि वॉल्टरला म्हणाले, “चला. ही काठी एकदा तरी भिजली पाहिजे. वहिनींचं तेवढं करू या.” वॉल्टर नको म्हणाला. अण्णा ऐकणाऱ्यांतले नव्हते. वाटभर ते बोलत होते, कचेरीतलं, डोंबिवलीतलं, माशांचं. वॉल्टर मला मांडीवर आडवी घेऊन बैलगाडीत बसला होता.

बाळकुमच्या काठावर दोघं बसले. भरती चढत होती. वॉल्टरने गळ टाकला. पहिल्यांदाच माझा शेंडा पाण्यावर गेला. बराच वेळ काही झालं नाही. मग एकदम ओढ लागली, मी बुंध्यापर्यंत वाकले. मित्रांनो, तो जिताडाच होता. तसा जोर दुसऱ्या माशाचा नसतो. माझ्या सगळ्या कड्या धरून राहिल्या, एकही वेढा सैल झाला नाही. वॉल्टरने ओढायला पाहिजे होतं. पण त्याने मला दोन्ही हातांनी उचललं आणि डावीकडे वळून पुढे केलं.

“घे,” तो म्हणाला. “रोझा, घे लवकर.”

डावीकडे कुणी नव्हतं. अण्णा उजवीकडे होते. दोरी ढिली पडली, जिताड्याने झटका दिला आणि गळ तोडून तो गेला. वॉल्टर मला तसाच पुढे धरून बसला होता. अण्णांनी तुटलेली दोरी गुंडाळली, मला त्याच्या हातातून सोडवून घेतलं आणि गाडीवानाला हाक मारली.

त्यानंतर मी पाण्यावर गेले नाही. वॉल्टर अजून काठ्या करतो, पण आता तीनच हात देतो. गिऱ्हाईक म्हणतं, मेस्त्री, पूर्ण झालेली दिसत नाही. तो म्हणतो, “नाय झाली. घेऊन जा. उद्याच पाण्यावर जा. मग कधीतरी कोरड्या हवेत काठी घेऊन या, राहिलेले हात मी फुकट देईन.” काहीजण म्हणतात मेस्त्रीचा हात गेला. ठाकुर्लीच्या इंजिनियरांनी काठी परत केली. वॉल्टरने वाद घातला नाही.

माझ्या कड्यांवर आता गंज आला आहे. लाल रेशीम विटकरी झालं आहे. माझ्या मुठीतलं बूच रोझाच्या पंजाएवढंच आहे, ते दुसऱ्या कुणाच्या हातात बसत नाही. मला वाळून सहा वर्षं झाली. तरी वॉल्टर पडवीतून येता-जाता हात लावून मला पाव फेरा देतो. मग थांबतो, पुढचा मणी सरायला जितका वेळ लागतो तितका, आणि निघून जातो.

मित्रांनो, वस्तू नीट ठेवा. धूळ पुसा, गंज चढू देऊ नका, वेढे कुजू देऊ नका. पण तुमच्या घरात कुणी काही मागितलं असेल आणि ते करायला तुम्ही घेतलं असेल, तर ते पूर्ण व्हायची वाट बघू नका. ओलं असेल तर ओलं द्या. घेणाऱ्याच्या हाताला थोडं वार्निश लागेल, एवढंच ना? लागू दे. हात तरी असेल.